पुलमनचं मत, विदर्भाचं मत

अकोल्याहून मामेभावाचा फोन आला की पंधरा मिनिटांत गाडी रणजीवर येते. या वेळी तो तावातच होता. "अडतीस संघ कशाला पाहिजेत दादा? सिक्कीम-मिझोरमच्या मॅचेस पाहते कोण? तुमच्या अमेरिकेत कसं आहे, टीव्हीवर ज्याची किंमत त्यालाच जागा. आपणही तेच करायला पाहिजे." फोनवर मी फारसं बोललो नाही. पण ज्या गावात मी सहा वर्षं राहतोय, त्याचं नेमकं त्याच हिशेबात काय झालं, ते त्याला सांगायलाच हवं.

पुलमन वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला आहे. चहूकडे गव्हाच्या टेकड्या, आणि सिअ‍ॅटल साडेचारशे किलोमीटर लांब. वस्ती तीस-पस्तीस हजार आणि विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियमही जवळपास तेवढ्याच माणसांचं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ १९१७ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्समध्ये होतं. इथे कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचं मंडळ. सामने ते ठरवतं, टीव्हीचे पैसे वाटतं, नियम करतं. सभासदांची संख्या वाढत वाढत २०११ मध्ये बारा झाली, म्हणून नाव पॅक-१२. हेवेदावे होते, पण शेजारी शेजाऱ्याशी खेळायचा.

३० जून २०२२ ला लॉस एंजलिसची दोन मोठी विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर झालं. बिग टेन ही मुळात शिकागोच्या आसपासची कॉन्फरन्स. तिचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी अब्जावधी डॉलरचा करार होत होता. नावात दहा असले तरी आज तिच्यात अठरा विद्यापीठं आहेत, त्यातलं एक पार न्यू जर्सीत. म्हणजे लॉस एंजलिसच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींना एका सामन्यासाठी जवळजवळ चार हजार किलोमीटर उडावं लागतं आणि परतल्यावर वर्गातही बसावं लागतं. पॅक-१२ ला स्वतःसाठी बरा टीव्ही करार मिळवता आला नाही. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला एका दिवसात पाच विद्यापीठं गेली. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला स्टॅनफर्ड आणि बर्कली चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सचे सभासद झाले. उरली दोनच : पुलमन आणि कॉर्व्हॅलिसचं ऑरेगन स्टेट. दोन्ही छोट्या गावांतली, शेतीचं शिक्षण देत वाढलेली.

त्या आठवड्यात गावात सुतक पडल्यासारखं वाटत होतं. शरद ऋतूतले फुटबॉल सामन्यांचे सहा-सात शनिवार इथल्या मोटेलवाल्यांचं आणि खाणावळींचं वर्ष तारून नेतात. माझी शेजारीण सत्तरीची, चाळीस वर्षं तिच्याकडे सीझन तिकीट आहे. ती मला एवढंच म्हणाली, "आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, नागपुरात. जुलै २०१६ मध्ये क्रिकेट मंडळाचा (बीसीसीआयचा) कारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीची 'एक राज्य, एक मत' ही शिफारस सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघटनांच्या वाट्याला मिळून एकच मत येणार होतं. ते कुणाच्या हाती जास्त वेळ राहिलं असतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयानेच तो नियम बदलला आणि तिघांना आपापलं मत परत मिळालं. मात्र मधल्या काळात, मत असं लटकलेलं असताना, विदर्भाने इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला. पहिला सामना १९५७-५८ च्या हंगामातला, करंडक २०१८ च्या पहिल्या दिवशी. साठ वर्षं! त्यातल्या बहुतेक वर्षांत आपल्या सामन्यांना टीव्हीवर काय किंमत होती, हे मामेभावाने स्वतःला विचारावं. नंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही आपणच जिंकलो.

आता माझ्या बाजूला अडचणीची असलेली गोष्टही सांगतो, ती लपवणं बरोबर नाही. पुलमनपासून तेरा किलोमीटरवर, राज्याची हद्द ओलांडली की मॉस्को नावाचं गाव आहे. तिथलं आयडाहो विद्यापीठ १९२२ पासून याच कॉन्फरन्समध्ये होतं. पूर्वी या दोघांच्या सामन्यात हरलेल्या बाजूचे विद्यार्थी एका गावातून दुसऱ्या गावी चालत जायचे. १९५९ मध्ये कॉन्फरन्स मोडून नवी उभी राहिली. पुलमनला तीन वर्षांनी आत घेतलं, आयडाहोला कधीच नाही. आणि पॅक-१२ मध्ये उरलेल्या दोघांनी आता काय केलं? पुलमनजवळच्या कोलफॅक्सच्या न्यायालयात त्यांनी कॉन्फरन्सचा ताबा आणि मालमत्तेवरचा हक्क मिळवला, त्याचा मला मनापासून आनंद झाला. मग त्यांनी बॉयझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट अशी विद्यापीठं माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्समधून आपल्याकडे ओढली. २०२६ च्या जुलैपासूनची नवी घडी तीच. ज्यांचं घर मोडलं त्यांनी दुसऱ्याच्या घराचे वासे काढले. मी इथला असूनही मला ते पटत नाही.

म्हणून पुलमनची माणसं चांगली आणि लॉस एंजलिसची वाईट, असं मी म्हणत नाही. सभासदत्व बाजारभावावर ठेवलं की चांगली माणसंही हेच करतात. कॅलिफोर्नियाने निदान एक शहाणपणाचं केलं : यूसीएलए गेल्याने बर्कलीचं नुकसान झालं, म्हणून यूसीएलएने तीन वर्षं दरवर्षी एक कोटी डॉलर बर्कलीला द्यायचे, असं दोघांच्या सामायिक नियामक मंडळाने ठरवलं. जाणारा मागे राहणाऱ्याचं देणं लागतो, हे तिथे कागदावर आलं. आपल्याकडे रणजीत वरचा एलिट आणि खालचा प्लेट असे गट आहेत. प्लेटमध्ये जिंकणारा वर चढतो, एलिटमध्ये तळाला राहणारा खाली उतरतो, पण घराबाहेर कुणाला काढत नाहीत. ही आपली पद्धत अमेरिकेच्या पद्धतीपेक्षा उजवी आहे, आणि हे मी अमेरिकेत राहून म्हणतो.

३० ऑगस्ट २०२५ ला आयडाहोचा संघ पुलमनला खेळायला आला होता. ते आता खालच्या विभागात खेळतात. शेजारणीबरोबर मीही स्टेडियममध्ये होतो. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत बरोबरी होती, मग आम्ही कसेबसे १३-१० ने जिंकलो. मॉस्कोहून आलेली माणसं तेरा किलोमीटरच्या रस्त्याने घरी गेली, आणि जाताना शेजारीण त्यांच्यासाठी उभी राहून टाळ्या वाजवत होती.