साहेब घरात नाहीत!
कोथरूडमधील ही सदनिका माझ्या नावावर आहे, तिचे हप्ते माझ्या पगारातून जातात आणि मालमत्ता करही मीच भरते, तरीही दार उघडताच प्लंबरपासून सोसायटीच्या सचिवांपर्यंत प्रत्येक जण माझ्या खांद्यावरून आत डोकावत "साहेब आहेत का?" असेच विचारतो. साहेब काय मी पलंगाखाली दडवून ठेवले आहेत? काल टाकीच्या गळतीबद्दल मी पाच मिनिटे बोलले, ते सचिवांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या, बारावीतल्या भाच्याकडे पाहत ऐकले आणि "बरं, बघतो" हे उत्तरही त्यालाच दिले. हेच गृहस्थ ३ जानेवारीला भल्या पहाटे सावित्रीबाईंचे छायाचित्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, ८ मार्चला गुलाब उधळतात, आणि त्याच ग्रुपवर मी टँकरच्या पाण्याचा हिशेब मागितला की 'ताई, शांत व्हा' असे लिहून वर हात जोडलेली इमोजी चिकटवतात. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती कशासाठी, हळदीकुंकवाची वाणे मोजता यावीत म्हणून? (सभेत चहा कोणी करायचा, हे ठरवताना मात्र साहेबांची गरज पडत नाही.) आज पुन्हा 'श्री. व सौ.' असे छापलेले सूचनापत्र आले आहे, त्यातले श्री. आता सचिवांनीच शोधून आणावेत.