शेवटच्या धावपटूचं पाणी

गेली काही वर्षं मी मॅरेथॉन धावते आहे. पाण्याच्या टेबलापाशी हात पुढे करायचा, मिळेल तो ग्लास घ्यायचा, दोन घोट पिऊन टाकून द्यायचा, की पुढे. आज आठवायला गेले तर ग्लास देणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही. या वेळी गुडघ्याने साथ दिली नाही, म्हणून ३५व्या किलोमीटरच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभी राहिले. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: शर्यत कशी झाली हे पहिल्या आलेल्याला विचारू नका, शेवटच्याला विचारा.

अंधारातच कामाला लागलो. ग्लास अर्धाच भरायचा, कारण पळणाऱ्याच्या हातात भरलेला ग्लास अंगावरच सांडतो. एक थर मांडून झाला की त्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर दुसरा थर, म्हणजे गर्दी उसळली तरी ग्लास कमी पडत नाहीत. देताना वरची कड धरायची, म्हणजे समोरच्याला मधला भाग पकडता येतो. सगळे पहिल्याच टेबलावर तुटून पडतात, म्हणून एकजण फक्त “पुढेही पाणी आहे, पुढे चला” असं ओरडायला ठेवलेला असतो. आणि पायाखालचे ओले ग्लास सतत बाजूला ओढायचे, नाहीतर कुणीतरी घसरणारच. हे सगळं मला त्या पहाटे कळलं. इतकी वर्षं धावूनही.

वेगवान मंडळी आली, गेली. मग मोठा लोंढा आला. त्या तासाभरात मान वर करायला फुरसत नव्हती. खरी परीक्षा त्यानंतरची. ऊन चढलं, रस्ता रिकामा होत गेला, आणि आमच्या आधीचं टेबल कटऑफच्या (म्हणजे धावपटूंसाठी ठरलेल्या शेवटच्या वेळेच्या) आधीच आवरलं गेल्याचं कळलं. त्यानंतर आमच्यापर्यंत येणाऱ्यांचे ओठ सुकलेले होते. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “थोडं पाणी उरलंय का हो?” तो स्वर माझ्या कानातून जात नाही. पहिल्या आलेल्याइतकीच फी भरलेली, त्याच्यापेक्षा जास्त वेळ उन्हात काढलेला, आणि पाणी मागायचं ते संकोचून?

पाणी ही शर्यतीतली शोभेची सोय नाही. ७ ऑक्टोबर २००७ ला शिकागो मॅरेथॉनमध्ये कडक उन्हात कित्येक टेबलांवर पाणी अपुरं पडलं आणि शेवटी शर्यत मध्येच थांबवावी लागली. २०१४ मध्ये शेफील्डच्या हाफ मॅरेथॉनला टेबलांपर्यंत पाणीच पोहोचलं नाही, म्हणून ऐनवेळी ती रद्द झाली. तरीही हजारो लोक धावलेच. ऐन सकाळी सगळं टेबलावर उभ्या असलेल्या माणसांवर येऊन ठेपतं.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला नंतर समजली. मी प्रत्येकाला “अजून एक घ्या, अजून एक” असा आग्रह करत होते. तो चुकीचा होता, कारण गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम घटतं आणि तेही धोक्याचं असतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. ज्यांचं वजन धावताना उलट वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला होता, त्यांना धोका अधिक होता. म्हणजे पुन्हा हळू धावणारेच. त्यांच्यासाठी पाणी शेवटपर्यंत हवंच, पण तहानेपुरतं. जबरदस्तीने पाजायचं नाही. कुणी गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर हातात ग्लास कोंबायचा नाही, लगेच डॉक्टरांच्या टीमला बोलवायचं. हे स्वयंसेवकाला अर्ध्या तासात शिकवता येतं. आम्हाला मात्र फक्त टी-शर्ट आणि जागा सांगितली होती.

म्हणून आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: पाण्याचा हिशेब शेवटच्या धावपटूपासून उलटा मांडा. शेवटच्या धावपटूच्या मागून येणारी स्वीप गाडी पुढे गेल्याशिवाय एकही टेबल हलवू नका. पहाटेपासून उभ्या असलेल्या मुलांना दुपारपर्यंत तसंच ठेवू नका, दुसरी तुकडी पाठवा. कंटाळलेला, उपाशी माणूस टेबल लवकर आवरायला बघणारच, त्यात त्याचा दोष नाही.

आमच्या टेबलाचा प्रमुख हलला नाही. टेम्पोवाला दोनदा विचारून गेला, दोन्ही वेळा प्रमुख म्हणाला, “अजून माणसं यायची आहेत.” सगळ्यात शेवटी एक आजोबा आले, मागे सायकलवर स्वीपवाला. आजोबा थांबले, ग्लास घेतला, सावकाश प्यायले आणि रिकामा ग्लास खाली न टाकता माझ्या हातात परत दिला.

गुडघा बरा होतोय. तरीही पुढच्या शर्यतीत मी शेवटच्या तुकडीसाठी नाव देणार आहे. आपल्या धावण्याच्या गटातलं कुणी सोबत येणार असेल तर खाली लिहा. सगळे गेल्यावर रस्त्यावरचे ग्लास वेचायलाही थांबावं लागेल.