पपईचा रस, गोचीडताप आणि आमची चिंगी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

"पपईच्या पानांचा रस पाजला असता तर भागलं असतं. रक्त चढवणं म्हणजे नुसता खर्च. शेवटी गेलीच ना ती?" असं तुम्ही आमच्या कुत्रीवरच्या, चिंगीवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. तुमचा टॉमी रसावर बरा झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चिंगीचं दुखणं वेगळं होतं.

गोचीडतापाच्या, म्हणजे गोचीड चावल्यानं अंगात शिरणाऱ्या जंतूच्या तापाच्या, पहिल्या टप्प्यात प्लेटलेट्स उतरतात, तरी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा गाभा, नव्या पेशी बनवत असते. बरीच कुत्री या टप्प्यातून आपणहून सावरतात आणि श्रेय रसाला जातं. जंतू मात्र अंगात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं दडून राहतो. गेल्या वर्षी चिंगीचा ताप उतरला आणि मी डॉक्सिसायक्लिन हे जंतू मारणारं औषध आठव्या दिवशीच थांबवलं. ते 28 दिवस द्यायचं असतं. ही चूक माझी, आणि ती मी लेखातच लिहायला हवी होती.

या खेपेला लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, तिन्ही एकदम तळाला. मज्जेचा नमुना काढला, तर पेशींच्या जागी बहुतेक चरबीच. पेशी बनवणारंच कुणी उरलं नव्हतं, मग रस जोर देणार कुणाला?

रक्तानं मज्जा बरी होत नाही, हे खरं आहे. पण तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, चार पावलं चालली की धाप लागायची. रक्त चढवल्यावर त्याच संध्याकाळी ती उठून पाणी प्यायली. औषधाला काम करायला उसंत मिळावी, एवढ्यासाठीच ते होतं. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन माणसांसाठीचं. कुत्र्याचं शरीर काही आठवड्यांत त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, म्हणून डॉक्टरांनी ते मोजकेच दिवस दिलं.

हो, पाचव्या आठवड्यात ती गेली. उशिराच्या टप्प्यात बरीच कुत्री वाचत नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मज्जा बंद पडण्याची कारणं अनेक. एखाद्या औषधामुळे झालं असेल, तर ते थांबवल्यावर ती पुन्हा सुरू होऊ शकते. नर कुत्र्याच्या पोटात राहिलेल्या वृषणाच्या गाठीतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाझरत असेल, तर गाठ काढावी लागते. नुसतं बघून यातलं काहीच कळत नाही.

आमच्या पंचवटीतल्या वाड्यात भिंतींच्या भेगांतून अजून गोचिडी निघतात. तुमच्याकडेही बघा. आणि टॉमी आज धडधाकट दिसत असला, तरी त्याचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, एकदा करून घ्या. वर्षभर चिंगीही अशीच दिसत होती.