ड्रग वॉल्शचं गाव

आमच्या शाळेच्या ग्रुपवर आयपीएलचा लिलाव झाला की तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो, क्रिकेटने मातीतले खेळ गिळले, शाळांतून क्रिकेट बंदच करा. दुसरा म्हणतो, प्रो कबड्डीत पैसा आलाय, आता रडगाणं पुरे. मी आयर्लंडमध्ये, किल्केनीत बसून हे वाचतो आणि मला इथला जुना खेळाडू डिक वॉल्श आठवतो.

'ड्रग' हे त्याचं टोपणनाव. आजच्या कानांना भलतंच वाटेल, पण इथे ते आदराने घेतात. गाव मूनकॉइन, नदीकाठचं. नदीचं नाव इथली माणसं चक्क 'शूर' असं उच्चारतात. खेळ हर्लिंग: अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी आणि लहानसा कातडी चेंडू. 1904 ते 1913 या दहा हंगामांत किल्केनी जिल्ह्याने सात वेळा अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवलं. सातही पदकं वॉल्शकडे होती आणि 1907, 1909, 1913 असं तीनदा कर्णधारपदही. त्यातला 1907 चा अंतिम सामना झाला जून 1908 मध्ये, डन्गार्व्हनला. (उशीर ही फक्त आपलीच मक्तेदारी नाही.) किल्केनी 3-12, कॉर्क 4-8, म्हणजे आधी गोल, मग सुटे गुण. गोलाचे तीन गुण धरा, म्हणजे 21 विरुद्ध 20. एका गुणाने!

मला त्या गुणापेक्षा कर्णधारपदाचं कोडं जास्त आवडतं. तेव्हा जिल्ह्याचा विजेता क्लब जिल्ह्याचा संघ उभा करायचा आणि कर्णधारही त्याचाच. मूनकॉइन जिंकलं की वॉल्श, टुलारोन जिंकलं की त्यांचा सिम वॉल्टन, जो 1911 आणि 1912 ला कर्णधार होता. म्हणजे देशाचं अजिंक्यपद जिंकणाऱ्या कर्णधारामागे एक खेडं उभं असायचं.

आता बंदीचं. हर्लिंगसारखे इथले मातीतले खेळ चालवणाऱ्या गेलिक क्रीडा संघटनेने ती करून पाहिली आहे. क्रिकेट, फुटबॉल, रग्बी खेळलात, नुसते बघायला गेलात तरी बाहेर. 1938 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका फुटबॉल सामन्याला गेले, तर त्यांचं संघटनेचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आयरिश भाषेसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाचं! आणि हीच किल्केनी एकोणिसाव्या शतकात क्रिकेटवेडी होती, गावोगाव क्लब होते. 1971 ला बंदी उठली. हर्लिंग मेलं नाही. माझ्या मते बंदीने ते जगलंही नव्हतं. जगवलं ते गावाने. आजही शनिवारी सकाळी आमच्या क्लबच्या मैदानावर पोरांना शिकवतात ते कुणाचे तरी आईबाप, फुकट.

खेळाडूंनाही पगार नाही, वॉल्शच्या काळी नव्हता, आज नाही. रविवारी अंतिम सामना, मग आपली नोकरी. यावर ग्रुपमधल्या काहींना भरून येतं, मला नाही. इथल्या पोराला पोटापाण्याची सोय आधीच असते. आपल्याकडे कबड्डीपटूला कंपनीच्या संघातली नोकरी हाच आधार होता; त्याला हौसेचे धडे देणं हा चेष्टेचा प्रकार झाला. लिलावात त्याला पैसे मिळतात, चांगलंच आहे.

पण मी वाढलो लोअर परळच्या चाळीत. चढाई आणि पकड बघितली ती गल्लीतल्या मंडळाच्या मैदानात, दिव्याखाली, पाळी संपवून आलेल्या गिरणी कामगारांची. कोण कुठल्या गल्लीचा, हे त्याच्या नावाआधी कळायचं. गिरण्या बंद पडल्या, माणसं विरार-बदलापूरला गेली. मंडळाला खेळाडू मिळेनात, त्यात क्रिकेटचा दोष किती?

परवा ग्रुपवर दोघांनी मला हटकलं: तू सांग, बंदी की पैसा? मी विचारलं, आपल्या मंडळाच्या मैदानाचं काय झालं? बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकाने फोटो टाकला: टॉवरचं पार्किंग. त्याच्या खाली दुसऱ्याने लगेच मुंबई इंडियन्सची यादी चिकटवली आणि वाद पुन्हा सुरू झाला.