सोनं उल्केनं आणलं? ऑस्मियमला विचारा

धनत्रयोदशी जवळ आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. थोडक्यात मजकूर असा: ‘तुमच्या गळ्यातलं सोनं पृथ्वीचं नाहीच! दोन अब्ज वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत व्रेडफोर्टला प्रचंड उल्का पडली, तिनेच ते आणलं. म्हणून तर जगातलं निम्मं सोनं तिथे सापडतं. शास्त्रज्ञांनी सोन्याच्या आयसोटोपवरून हे सिद्ध केलंय. पृथ्वीवरचं सगळं सोनं असंच आकाशातून आलं.’

मी भूशास्त्र शिकलेला, त्यामुळे ‘खरं का रे?’ हा प्रश्न माझ्याच गळ्यात. एकेक वाक्य घेऊ, पण क्रम माझा.

‘सोन्याच्या आयसोटोपवरून सिद्ध.’ इथेच मेसेज तोंडावर आपटतो. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू. शिशाचे चार टिकाऊ आयसोटोप आहेत आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खाणीखाणीत बदलतं, म्हणून शिशाचा माग काढता येतो. सोन्याचा निसर्गात टिकणारा आयसोटोप एकच, सोनं-१९७. अख्ख्या गावाचं आडनाव पाटील असेल, तर आडनावावरून घराणं कसं ओळखणार? म्हणून सोन्याची चौकशी सोन्याकडे करता येत नाही, त्याच्या सोबत्यांकडे करावी लागते. व्रेडफोर्टच्या बाबतीत तो सोबती आहे ऑस्मियम नावाचा धातू.

ऱ्हेनियम या दुसऱ्या धातूचा १८७ हा आयसोटोप हळूहळू ऑस्मियम-१८७ मध्ये बदलतो. त्याचं अर्धायुष्य (निम्मा बदलायला लागणारा काळ) ४० अब्ज वर्षांच्या वर, म्हणजे घड्याळ फार संथ, पण अब्जावधी वर्षं मोजायला तेच कामाचं. विटवॉटर्सरँडच्या, म्हणजे व्रेडफोर्टभोवतीच्या खाणींच्या खोऱ्यातल्या, सोन्याच्या कणांतच मोजता येण्याइतकं ऑस्मियम असतं, हे आपलं नशीब. अरिझोना विद्यापीठातल्या जेसन कर्क आणि सहकाऱ्यांनी २००२ साली तिथल्या वाल रीफ या थरातल्या सोन्याचं वय काढलं. ते निघालं ३.०३ अब्ज वर्षं. ज्या थरात ते सापडतं तो थर त्याहून तरुण, २.९ ते २.८ अब्ज वर्षांच्या आसपासचा. आणि व्रेडफोर्टचा आघात झाला २.०२ अब्ज वर्षांपूर्वी. म्हणजे पाहुणा यायच्या एक अब्ज वर्षं आधीच सोनं घरात होतं.

इथे एक खाचखळगा आहे, तो मी लपवणार नाही. त्या सोन्यातल्या ऑस्मियमचं सुरुवातीचं प्रमाण (ऑस्मियम-१८७ भागिले ऑस्मियम-१८८) ०.१०८ च्या आसपास आहे. हे पृथ्वीच्या प्रावरणाशी (कवचाखालच्या जाड थराशी) जुळतं, आणि अशनींमधलं, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमधलं, प्रमाणही त्याच्या जवळपासच असतं. जुन्या भूकवचात ते कितीतरी जास्त असतं. त्यामुळे नुसत्या या आकड्यावरून ‘बघा, अशनीसारखं ऑस्मियम!’ असं कुणी ओरडला, तर तो आकड्याबद्दल खोटं बोलत नसेल. निकाल लागतो तो वयावर.

वय बाजूला ठेवलं, तरी दगड समोर आहे. सोन्याचा तो थर म्हणजे शेंगदाण्याची चिक्की समजा. शेंगदाण्यांच्या जागी पांढरे, गुळगुळीत गारगोटे आणि गुळाच्या जागी काळपट चुरा. सोनं गारगोट्यांत नाही, चुऱ्यात आहे. त्याच्या शेजारी पायराइटचे (लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचे) घरंगळून गोल झालेले कण आहेत. आजच्या नदीत पायराइट असं टिकणार नाही, हवेतला ऑक्सिजन त्याला गंजवून टाकेल. म्हणजे हे ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या काळातल्या नद्यांचं काम. नंतर नदीच्या गाळात खालून आलेल्या गरम पाण्याने सोनं थोडं हलवलं, असं काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते तर ते आलंच त्या पाण्यातून. हा वाद जुना आहे आणि चालू आहे. मात्र त्यात उल्केची बाजू घेऊन कुणी उभं नाही.

‘उल्केनेच सोनं आणलं.’ गंमत म्हणजे नुसती बेरीज केली, तर हिशेब मेसेजच्या बाजूने लागतो. पंधरा किलोमीटर व्यासाचा दगड धरा, टनामागे ०.१५ ग्रॅम सोनं धरा (सामान्य अशनीत साधारण एवढंच असतं). आकडा काही लाख टनांवर जातो, आणि विटवॉटर्सरँडमधून आजवर निघालंय सुमारे ५० हजार टन. पण एवढ्या वेगाने आदळलेला दगड ढेकळासारखा तिथे पडून राहत नाही. बहुतेक भागाची वाफ होते आणि तो दूरवर विखुरतो. व्रेडफोर्टला आघाताने वितळून थिजलेला खडक आजही आहे. त्यात अशनीचा अंश ०.२ टक्क्यांपर्यंतच असल्याचं १९९६ मध्ये ऑस्मियमनेच दाखवलं. त्या हिशेबाने उल्केचं सोनं टनामागे ०.३ मिलिग्रॅम. खाणीतल्या थरात टनामागे दहा-दहा ग्रॅम मिळायचं. आपल्या बुलढाण्यातलं लोणारही अशनीच्या आघातानेच झालेलं विवर आहे, तिथे कुणी सोन्याची खाण काढलेली नाही. उलट कोलारला सोनं निघालं, तिथे विवर नाही.

‘जगातलं निम्मं सोनं तिथे.’ निम्मं नाही. मात्र एका खोऱ्यातून एवढं सोनं दुसरीकडे कुठेही निघालेलं नाही, हे खरं.

‘सगळं सोनं आकाशातून आलं.’ यात खऱ्याचा एक धागा आहे. पृथ्वी वितळलेली असताना लोखंड गाभ्यात बुडालं आणि सोबत सोनंही घेऊन गेलं. तरी प्रावरणात अपेक्षेपेक्षा जास्त सोनं उरलंय, म्हणून नंतर अशनींची थोडी भर पडली असावी असं मानतात, पृथ्वीच्या वजनाच्या अर्धा टक्का वगैरे. २०११ मध्ये ब्रिस्टल आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ग्रीनलंडच्या इसुआ भागातल्या ३.८ अब्ज वर्षं जुन्या खडकांत टंगस्टन धातूचा १८२ हा आयसोटोप आजच्या खडकांपेक्षा दहा लाखांत सुमारे १३ भागांनी जास्त असल्याचं दाखवलं. अशनींत हा आयसोटोप कमी असतो, म्हणून त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की त्या खडकांच्या उगमात ही भर अजून मिसळली नव्हती. हा अर्थ सगळ्यांना मान्य नाही. मान्य केला तरी ती भर पडली व्रेडफोर्टच्या कितीतरी आधी, आणि ती प्रावरणात घुसळली गेली. आभाळातून कुणी खाण टाकली नाही.

राहिली व्रेडफोर्टची उल्का. ती पडली, हे मात्र शंभर टक्के खरं, आणि सोन्याशी तिचा संबंधही आहे, फक्त उलटा. आघाताच्या आधी ७० कोटी वर्षं ते थर लाव्हाखाली गाडले गेले होते. आघाताने विवराच्या मधोमध ते उचलून उभे केले, अक्षरशः पुस्तकं फळीवर ठेवावीत तसे, आणि भोवताली मात्र खाली दाबले. जे दाबले गेले ते झिजण्यातून वाचले. १८८६ साली जोहान्सबर्गजवळच्या लांगलाक्टे शेतावर जो थर सापडला, त्याचा खाली उतरत जाणारा भाग शाबूत राहण्यात या दाबाचाही हात आहे, असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात.