डबल मार्कर फक्त पस्तिशीनंतर? माझीच पोस्ट चुकली होती

मागच्या आठवड्यात मीच आपल्या ग्रुपवर टाकलं होतं की डबल मार्कर टेस्ट (गरोदरपणात आईच्या रक्तावरून बाळाला डाउन सिंड्रोमसारखा जन्मजात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता किती, ते सांगणारी) ३५ च्या पुढच्या बायकांनाच लागते, बाकीच्यांना उगाच खर्च. ते चूक होतं, सॉरी. वहिनीच्या वेळेला डॉक्टरांनी नीट समजावलं तेव्हा कळलं.

३५ हा आकडा जुन्या काळातला आहे. तेव्हा रक्ताची टेस्ट नव्हती, डायरेक्ट पोटातून सुई घालून गर्भजल काढायचे, त्यात गर्भपाताचा थोडा धोका, म्हणून ज्यांचं वय जास्त त्यांनाच सांगायचे. आता ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफी (एनटी स्कॅन) आणि आईचं रक्त एवढ्यावर अंदाज येतो, बाळाला काही धोका नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००७ मध्येच सांगितलं की वय कितीही असो, तपासणीचा पर्याय सगळ्यांना द्या. कारण साधं आहे, वयाबरोबर डाउन सिंड्रोमचा धोका वाढतो हे खरं, पण बाळंतपणं तरुण बायकांचीच जास्त, त्यामुळे अशी बरीच बाळं तरुण आयांचीच असतात.

आणि माझ्या त्या जुन्या मेसेजखाली कोणीतरी जोडलंय "हाय रिस्क आला म्हणजे बाळात दोष आहेच", तेही खरं नाही. १५० मध्ये १ असा रिपोर्ट आला तरी १४९ वेळा बाळाला तो त्रास नसतो, रिपोर्ट बघून रडत बसायच्या आधी एवढं वाचा. पक्कं निदान गर्भजल किंवा वारेच्या (सीव्हीएस) तपासणीनेच होतं, एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघणारी टेस्ट) सुद्धा स्क्रीनिंगच आहे, म्हणजे फक्त अंदाज.

टेस्ट करायची की नाही ते आईने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. जुना मेसेज मी डिलीट केलाय, तुमच्याकडे असेल तर प्लीज पुढे पाठवू नका.