‘लेगसीची एक ओळ टाका’ म्हणणाऱ्यांना

“ओपनएसएसएल 3 ने चालती सॉफ्टवेअरं विनाकारण मोडली. सिस्टीमच्या कॉन्फिगमध्ये लेगसीची एक ओळ टाका, नाहीतर 1.1.1 परत बसवा. जुनंच जास्त सुरक्षित.” डेव्हलपरांमध्ये हा सल्ला अजून फिरतोय. (ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरच्या जोडण्या सुरक्षित करणारी लायब्ररी; 1.1.1 ही तिची जुनी आवृत्ती, 3 नवी. ‘लेगसी’ म्हणजे बाद झालेल्या जुन्या पद्धतींना दिलेली सूट.)

विनाकारण? ऑक्टोबर 2021 मध्ये नोड 17 (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) नव्या ओपनएसएसएलवर गेलं आणि वेबपॅक या वेबसाइटचा कोड बांधणाऱ्या साधनाचे बिल्ड धडाधड पडले, कारण वेबपॅक एमडी4 ही जुनी हॅश पद्धत (डेटाचा छोटा ठसा काढणारी) वापरत होतं. त्या एमडी4 ला आरएफसी 6150 या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने 2011 मध्येच इतिहासजमा केलं होतं. आता एवढं मान्य, की वेबपॅकमधल्या त्या हॅशचा सुरक्षेशी संबंध नव्हता. तेवढ्या बिल्डपुरता लेगसी प्रोव्हायडर (ओपनएसएसएल 3 मधला जुन्या पद्धतींचा, एरवी बंद असलेला भाग) चालू केला तर आभाळ कोसळत नाही.

खरी गोम ‘एक ओळ’मध्ये आहे. जुन्या सर्व्हरशी जोडताना ‘अनसेफ लेगसी रिनेगोशिएशन डिसेबल्ड’ अशी एरर येते (रिनेगोशिएशन म्हणजे चालू जोडणीत सुरक्षेच्या अटी पुन्हा ठरवणं), म्हणजे त्या सर्व्हरने 2010 च्या आरएफसी 5746 मधली दुरुस्ती अजून घेतलेली नाही. (दोष त्याचा, शिव्या लायब्ररीला.) मग लोक एररमधलंच नाव उचलून ‘अनसेफ लेगसी रिनेगोशिएशन’ चालू करतात, म्हणजे गरजेपेक्षा मोठी सूट देतात. बहुतेकांना ‘अनसेफ लेगसी सर्व्हर कनेक्ट’ पुरतं: क्लायंटला अशा सर्व्हरशी फक्त जोडू देणारी ही सूट 3.0.4 पासून कॉन्फिगमध्येही देता येते. पण सिस्टीमच्या फाइलीत तीही नको. ती फाइल वाचणारे सगळेच प्रोग्रॅम ढिले पडतात. पायथॉनमध्ये हीच सूट एकाच एसएसएल कॉन्टेक्स्टला (जोडणीच्या सेटिंगच्या एका संचाला) देता येते. नाहीतर वेगळी कॉन्फिग फाइल करा आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने त्या एका प्रोग्रॅमलाच दाखवा.

‘जुनंच सुरक्षित’वाल्यांच्या हाती एक पुरावा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये गाजलेल्या दोन त्रुटी 3.0 मध्ये होत्या, 1.1.1 मध्ये नव्हत्या. फेब्रुवारी 2023 ची गोष्ट मात्र ते सांगत नाहीत. तेव्हा एक्स.400 (जुन्या ईमेल मानकातल्या) पत्त्यांच्या हाताळणीतली त्रुटी 3.0, 1.1.1 आणि 1.0.2 या तिन्हींत निघाली, आणि 1.0.2 ची दुरुस्ती ओपनएसएसएलने फक्त पैसे भरणाऱ्या ग्राहकांना दिली. 11 सप्टेंबर 2023 पासून 1.1.1 त्याच रांगेत आहे: ओपनएसएसएलकडून दुरुस्त्या फक्त पैसे भरणाऱ्यांना. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 सारखी डिस्ट्रो (लिनक्सचं तयार वितरण) स्वतः 1.1.1 सांभाळत असेल तर खुशाल वापरा. उबुंटू 22.04 वर हाताने बसवलेलं जुनं लिबएसएसएल (1.1.1 चं) पॅकेज मात्र नेहमीच्या अपडेटमध्ये येतच नाही.